आई सरपंच, डोंगल अण्णांच्या खिशात: २ ऑक्टोबरच्या महिला सभेसाठी सल्ला हवा

बालाघाट_२२ | १९ सप्टेंबर २०२४

नमस्कार. तीन वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या उतारावर. लोकसंख्या दोन हजारांच्या आत. २०२२ च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं आणि थेट जनतेतून माझी माय निवडून आली. पॅनल अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधलं, प्रचार अण्णांनी केला, बॅनरवर मायपेक्षा अण्णांचा फोटो मोठा. मी तेव्हा शिकायला बाहेर होतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

आज पावणेदोन वर्षांनी गावात कुणी "सरपंच" म्हणून हाक मारली की अण्णा वळून बघतात. पंचायत समितीत मायच्या नावापुढे जो मोबाइल नंबर आहे तो अण्णांचा. वित्त आयोगाच्या पैशाची बिलं काढायला सरपंचाची डिजिटल सही लागते, त्याचं डोंगल अण्णांच्या शर्टाच्या खिशात. इतिवृत्ताचं रजिस्टर शिपाई घरी आणतो, माय पदराला हात पुसून चुलीपाशीच सही करते, रजिस्टर परत जातं.

माय अडाणी नाही. दहावी पास आहे. अकरा वर्षं बचत गटाची अध्यक्ष आहे. पेटी, वह्या, बँकेचा हप्ता सगळं तिच्याकडे, आणि अकरा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही.

यंदा आमच्या गणेश मंडळात पहिल्यांदा सहा मुली घेतल्या. खजिनदारही मुलगीच. परवा विसर्जनाच्या आधी तिने माईकवर सगळा हिशेब वाचून दाखवला, पावती नंबरासकट. एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "ग्रामपंचायतीचा हिशेब असा कधी ऐकला नाही बुवा." माय तिथेच उभी होती. रात्री जेवताना ती हळूच म्हणाली, "तिला वाचू दिला, म्हणून वाचला तिनं." अण्णा काही बोलले नाहीत. मला मात्र झोप लागली नाही.

आता मुद्दा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदाच आहे. आमच्याकडे ती कागदावर दर वेळी होते. शिपाई घरोघर फिरून सह्या आणतो. २६ जानेवारीला तर निम्म्या बाया गावातच नसतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात. टोळ्या दिवाळीनंतर निघतात त्या थेट मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे टोळ्या निघायच्या आधी आमच्या बायांना यंदा खरी म्हणावी अशी शेवटची संधी उरते, २ ऑक्टोबरच्या आधीची. मंडळातल्या आम्ही चौदा जणांनी ठरवलंय की या वेळी ती सभा खरोखरची घ्यायची.

अडचण अशी की सध्या पितृपक्ष चालू आहे आणि २ ऑक्टोबरला नेमकी सर्वपित्री अमावस्या. बाया स्वयंपाकातून हलणार नाहीत. सभा कधी घ्यावी, विषय काय ठेवावेत, आणि घर न मोडता अण्णांशी कसं बोलावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

---

कृष्णाकाठ | १९ सप्टेंबर

सर्वपित्रीला सभा म्हणजे रिकाम्या सतरंज्या. दोन दिवस आधी घ्या, सोमवारी ३० तारखेला. वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी धुणं-पाणी आणि संध्याकाळी चूल-धारा, या दोन वेळा सोडून काहीही चालेल. आमच्याकडे सकाळी नऊला सभा लावायचे आणि मग "बायांना रसच नाही" म्हणायचे.

---

तटस्थ | १९ सप्टेंबर

तळमळ समजते, तरी वेगळं मत मांडतो. राग नसावा. तुमच्या गावात कामं होतायत ना? रस्ता, पाणी, दिवे? वडील अनुभवी असतील आणि आई घर सांभाळत असतील, तर ही त्या दोघांची आपसातली व्यवस्था झाली. आरक्षणाने खुर्ची मिळते, क्षमता यायला वेळ लागतो. त्यासाठी घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची का? आणि तुमच्या वयाच्या मुलांनी आधी स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं प्रामाणिकपणे वाटतं.

---

माजी_सरपंच_माणदेश | १९ सप्टेंबर

तटस्थ भाऊ, तुमच्या पहिल्याच वाक्याला उत्तर देते, कारण हेच वाक्य मी पाच वर्षं ऐकलं. "कामं होतायत ना?" हो, होतात. पण कुणाची? आमच्या गावात मी सरपंच होण्याआधी पंधरा वर्षांत तीन वेळा सभामंडप झाला, पण शाळेतल्या मुलींच्या संडासाला पाणी नव्हतं. मंडप बांधणारी माणसं वाईट नव्हती. संडासाला पाणी नसलं की काय होतं, हे त्यांना कधी सोसावं लागलं नव्हतं, इतकंच.

मी २०१८ ते २०२३ सरपंच होते. सातारा जिल्हा, दुष्काळी पट्टा. पहिले सहा महिने माझीही अवस्था धाग्यातल्या माउलीसारखीच. आमचे हे मोटरसायकलवर पुढे, मी मागे, आणि साहेबांच्या केबिनमध्ये साहेब बोलणार यांच्याशी. एकदा विस्तार अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "वहिनी, चहा घेणार का?" सगळी चर्चा यांच्याशी, मला फक्त चहा. त्या दिवशी घरी येऊन मी यांना म्हटलं, उद्यापासून तुम्ही मला सोडायला यायचं, आत यायचं नाही. चार दिवस अबोला झाला. पाचव्या दिवशी सोडायला आले आणि बाहेर झाडाखाली बसून राहिले.

बाळ, तुझ्या आईसाठी सांगते. भाषण शिकवू नकोस तिला. एकच नियम सांग: वाचल्याशिवाय सही नाही. मी दर सोमवारी ग्रामसेवकांना नमुना ५ म्हणजे रोकडवही घेऊन बसवायची आणि मोठ्याने वाचून घ्यायची. सुरुवातीला अर्धं कळायचं नाही. पण जी बाई बचत गटाची वही अकरा वर्षं लिहिते, तिला रोकडवही दोन महिन्यांत कळेल. जमा आणि खर्च, दोन्हीकडे तेच असतं. आकड्यांपुढची शून्यं फक्त वाढतात.

डोंगल हिसकावू नकोस. आधी मोबाइल नंबर बदलून घ्या. संदेश तिच्या फोनवर यायला लागले की प्रश्न ती स्वतःच विचारेल.

आणि एक चूक सांगते, माझीच. जानेवारीतल्या महिला सभेला गर्दी व्हावी म्हणून २०१९ साली मी ती हळदीकुंकवाला जोडली. दोनशे बाया आल्या, फोटो काय सुंदर आले. नंतर माझ्याच चुलत सासूबाईंनी विचारलं, "आम्ही कुठल्या ग्रामसभेला यायचं?" त्या विधवा. गावातल्या तीसेक घरांतल्या बायांना मी सरकारी सभेतून बाहेर ठेवलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात १७ तारखेला शासनाने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आम्हीही ठराव केला आणि २०२३ च्या सभेत तिळगूळ ठेवला, कुंकू नाही. गर्दी थोडी कमी झाली, पण चुलत सासूबाई पहिल्या रांगेत होत्या.

---

वाळवण | २० सप्टेंबर

माजी सरपंच ताई, प्रतिसाद तीनदा वाचला. वाचनखूण साठवली.

---

दप्तर | २० सप्टेंबर

मी ग्रामसेवक म्हणून अकरा वर्षं काढली, त्यामुळे नियमांपुरतं बोलतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात, कलम ७ मध्ये, नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी ती. सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. बऱ्याच गावांत पहिली सभा मुद्दाम तहकूब होऊ देतात आणि मग पंधरा माणसांत सगळं मंजूर होतं. म्हणून महिला सभेतल्या बाया दोन दिवसांनी ग्रामसभेलाही आल्या पाहिजेत, नाहीतर तुमचे ठराव कागदावरच राहतील.

विषयपत्रिकेत हे नक्की घ्या: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या तीन वर्षांत किती झाले आणि कशावर, एवढंच विचारा. छोट्या गावात घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली मुळात कमी, त्यामुळे रक्कम काही हजारांचीच निघेल. पण प्रश्न लेखी दिला की उत्तरही लेखी मागता येतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. पाण्याच्या जागा बायांकडून ठरवून घ्या. तुमच्या भागात आणखी एक महत्त्वाचं: ऊसतोड कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्र ग्रामसेवकामार्फत होतं. ते नवऱ्याबरोबर बायकोच्याही नावाने निघालंय का, ते तपासा.

वडिलांविषयी: निवडून न आलेल्या माणसाने मासिक सभेत सरपंचाच्या वतीने कारभार करायचा नसतो. हे तुम्ही सांगू नका, ग्रामसेवकांना सांगू द्या. मुलाकडून ऐकताना बापाला लागतं, नियमाकडून ऐकताना तितकं लागत नाही.

---

बालाघाट_२२ | २० सप्टेंबर

सगळ्यांचे आभार. तटस्थ, तुमचा राग नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची का, हा प्रश्न मला रोज पडतो. पण सरपंचपद घरातली गोष्ट आहे का? मायला गावातल्या लोकांनी मतं दिलीत, आमच्या घराने नाही.

३० सप्टेंबर, दुपारी २ पक्कं करतोय. मंडळाची पोरं माईक, सतरंज्या, बॅनर सगळं बघतील. प्रास्ताविक मी करीन, म्हणजे बायांची भीड चेपेल.

---

खजिनदार | २१ सप्टेंबर

हा धागा मला बालाघाटनेच पाठवला. पहिल्या पोस्टमधली हिशेब वाचणारी मुलगी मीच. खातं कालच काढलं, कारण दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत.

"सहा मुली घेतल्या" असं लिहिलंय. घेतल्या नाहीत. आम्ही मागितलं. चार वर्षं वर्गणी गोळा करताना आम्ही पोरांच्या बरोबरीने फिरलो, आणि बैठक असली की आम्हाला "घरी जा, उशीर झालाय" सांगायचे. या वर्षी आम्ही सांगितलं, बैठक नाही तर वर्गणीही नाही. मग बैठक संध्याकाळी सहाला आली. रात्री दहाची सहाला आणली, एवढ्या एका बदलाने आम्ही मंडळात आलो.

दुसरं, तुझं प्रास्ताविक. महिला सभेत तू कशाला बोलणार? तू चांगला आहेस, तुझा हेतू चांगला आहे, पण तू माईक धरलास की बाया तुला ऐकतील, गप्प बसतील, आणि घरी जाऊन म्हणतील की पोरगं छान बोलतं. तुम्हा आठ पोरांना खरंच मदत करायची असेल तर त्या दोन तासांत शाळेच्या व्हरांड्यात लेकरं सांभाळा. पाणी भरा. ज्यांच्या घरी त्या दिवशी पित्रं आहेत तिथे जाऊन भांडी घासा. आतमध्ये येऊ नका.

मी बीए दुसऱ्या वर्षाला आहे. माझे आई-बाबा कोयता आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देतो ती नवऱ्याच्या हातात. माझी आई पहाटे तीनला उठून भाकऱ्या करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि हिशेबात ती अर्धा कोयता. तिचं नाव कुठेच नाही. आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापतात. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गल्लीत ज्या बायांचं ऑपरेशन झालं होतं त्यांना सगळे विचारत होते, पण गावच्या ग्रामसभेत त्यावर एक शब्द निघाला नाही. कारण त्या बाया ग्रामसभेला कधी गेल्याच नव्हत्या, आणि जे जात होते त्यांना तो गावाचा विषय वाटत नव्हता.

म्हणून दप्तर काकांनी सांगितलेलं ओळखपत्र हा पहिला विषय ठेवा. आणि काकू (बालाघाटची आई) अध्यक्षस्थानी बसतील. त्यांना मी रोज संध्याकाळी जाऊन भेटतेय.

---

बालाघाट_२२ | २१ सप्टेंबर

बरोबर आहे तुझं. प्रास्ताविक रद्द. आम्ही व्हरांड्यात.

---

सह्यपुरुष | २२ सप्टेंबर

खजिनदार यांच्या पोस्टला दंडवत. मी कॉलेजात असताना मावा, म्हणजे 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' या मुंबईतल्या संस्थेच्या शिबिराला गेलो होतो. १९९३ पासून ही मंडळी पुरुषांमध्ये काम करतात, त्यांचा दिवाळी अंकही निघतो. तिथे पहिल्या दिवशी आम्हा मुलांना काल आपल्या घरात कोण किती वाजता उठलं आणि कोण किती वाजता झोपलं, ते लिहायला लावलं. माझ्या वहीत आईच्या झोपायच्या वेळेपुढे मी "माहीत नाही" लिहिलं. एकोणीस वर्षं एका घरात राहून. बालाघाट, तुमच्या आठ जणांत हे करून बघा. भाषणापेक्षा जास्त आत जातं.

---

आकडेमोड | २२ सप्टेंबर

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून तटस्थ यांच्या "क्षमता" या मुद्द्यावर थोडं. पंचायतीतलं महिला आरक्षण जगभरातल्या संशोधकांनी अभ्यासलंय, कारण कुठलं गाव राखीव होणार हे चिठ्ठीसारखं ठरतं आणि राखीव-बिनराखीव गावांची तुलना करता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा २००४ चा अभ्यास पश्चिम बंगाल आणि राजस्थानातला. जिथे प्रमुखपदी बाई होती तिथे बायांनी मागितलेल्या कामांवर, उदाहरणार्थ पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च झाला. त्यातल्या बऱ्याच जणी पहिल्यांदाच राजकारणात आल्या होत्या, शिक्षण कमी होतं. तरीही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१२ चा अभ्यास, पुन्हा पश्चिम बंगालमधला. ज्या गावांत दोन वेळा पद महिलेसाठी राखीव राहिलं, तिथे आईवडिलांच्या मुलाकडून आणि मुलीकडून असलेल्या अपेक्षांमधली दरी कमी झाली, किशोरवयीन मुलींच्या शिक्षणातली मागासलेली बाजू भरून निघाली आणि मुलींच्या वाट्याचं घरकामही घटलं. दोन वेळा, हे लक्षात घ्या. आपल्याकडे पद फिरतं. बाई शिकते, जम बसतो, आणि पुढच्या वेळी आरक्षण बदलतं. मग तिला खुल्या जागेवर कुणी तिकीट देत नाही. महाराष्ट्राने पंचायतींत ५० टक्के जागा २०११ मध्ये केल्या, पण राखीव नसलेल्या जागेवर बाई उभी राहणं अजूनही बातमीचा विषय होतो.

---

तटस्थ | २३ सप्टेंबर

आकडेमोड, हा अभ्यास माहीत नव्हता, वाचतो. मात्र एक प्रश्न शिल्लक आहे. मोठ्या राजकारणातही बहुतेक बायका कुणाच्या तरी मुली, सुना, पत्नी म्हणूनच येतात. मग गावातल्या सरपंचबाईलाच आपण वेगळा न्याय का लावतो?

---

मांडवीतीर | २३ सप्टेंबर

तटस्थ, तुमच्या प्रश्नाला आमच्या गोव्यातलं उदाहरण. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर १९७३ च्या ऑगस्टमध्ये गेले आणि त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वारशाने आल्या, हे कुणी नाकारत नाही. पण १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतः लढवून जिंकली आणि १९७९ पर्यंत सरकार चालवलं. माझी आजी त्यांना "ताई" म्हणायची, आजही आमच्याकडे ताई म्हटलं की त्याच. दार कुणी उघडलं यापेक्षा आत गेल्यावर कुणाच्या डोक्याने कारभार चालला, ते बघावं. बालाघाटच्या आईंना दार उघडून दिलं आणि आतच येऊ दिलं नाही.

आमचंही कौतुक फार नको. गोव्यात तेव्हा बाई मुख्यमंत्री झाली, आणि २०२२ च्या विधानसभेत ४० पैकी ३ आमदार महिला. पंचायतीत अजून एक तृतीयांशच राखीव.

---

जळगावकर_काका | २४ सप्टेंबर

खजिनदार यांनी उचल नवऱ्याच्या हातात, असं लिहिलं त्यावरून आठवलं. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, माझी आई आमच्या गावातल्या बायांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली होती. मी अकरा वर्षांचा. परत आली तेव्हा आवाज बसला होता आणि चेहरा काही वेगळाच दिसत होता. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, बायकोच्या नावावर जमीन करून द्यायचा. वडिलांनी एक एकर आईच्या नावावर केली. आई त्या सातबाऱ्याची घडी गाथेच्या पोथीत ठेवायची. वडील गेल्यावर भाऊबंदांशी वाद झाला तेव्हा त्याच एकरावर ती उभी राहिली. सरपंचपद पाच वर्षांत जातं. बालाघाट, घराच्या उताऱ्यावर आईचं नाव आहे का, तेही एकदा बघ.

---

बालाघाट_२२ | १ ऑक्टोबर

काल सभा झाली. एकशे बारा बाया आल्या. शाळेची एक खोली पुरली नाही, मधली दारं उघडावी लागली.

आतलं मी पाहिलेलं नाही, व्हरांड्यात होतो. एकेचाळीस लेकरं होती. दोन तासांत आम्ही आठही जण घायकुतीला आलो. एकाने तिथेच आईला फोन लावला, "तू हे रोज कसं करतेस?" म्हणून.

आतलं खजिनदार लिहील.

---

खजिनदार | १ ऑक्टोबर

पहिली वीस मिनिटं कुणीच बोललं नाही. काकूंनी सुरुवात केली ती अशी: "मी सरपंच आहे, हे मलाच कालपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. मला ग्रामपंचायतीत किती पैसा आला ते माहीत नाही. आता तुमच्यासमोर विचारते." आणि ग्रामसेवकांना म्हणाल्या, वाचा.

दहा टक्क्यांचा खर्च वाचला तेव्हा त्यात "महिला प्रशिक्षण साहित्य" असं काही निघालं. एक आजी म्हणाल्या, कोणतं प्रशिक्षण, आम्हाला तर कुणी बोलावलं नाही. ग्रामसेवकांनी ग्रामसभेत पावत्यांसह माहिती देतो असं लिहून दिलं.

मग मात्र तोंडं उघडली. ओळखपत्र बायांच्या नावाने, हा ठराव झाला. वस्तीवरच्या हापशाजवळ दिवा. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह वेळेत सुरू करायची मागणी. दारूचा विषय निघाला, त्यावर भांडणच झालं, कारण विकणाऱ्या घरातली बाईही तिथे बसलेली होती. ती रडली. "माझा नवरा विकतो, मार मीच खाते," म्हणाली. त्यावर ठराव काही झाला नाही. काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही. सभा संपल्यावर चार जणी तिच्या घरापर्यंत सोबत गेल्या.

---

माजी_सरपंच_माणदेश | १ ऑक्टोबर

त्या चार जणी गेल्या ना, ते इतिवृत्तात येणार नाही. तू इथे लिहिलंस, बरं केलंस पोरी.

---

बालाघाट_२२ | ३ ऑक्टोबर

कालच्या ग्रामसभेला अमावस्या असूनही चौतीस बाया आल्या. अण्णा नेहमीसारखे मायच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. ग्रामसेवकांनी सांगितलं, "दादा, तुम्ही ग्रामस्थ म्हणून समोर बसा." अण्णा उठले, समोर न बसता निघून गेले. मायचा आवाज दोन मिनिटं कापत होता, मग सरळ झाला. ओळखपत्राचा आणि दिव्याचा ठराव मंजूर. पावत्या आल्या नाहीत, पुढच्या मासिक सभेत देतो म्हणाले.

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. खरं सांगायचं तर फार जड जातंय. माझी फी भरायला त्यांनी बैल विकलाय, हे मी विसरलेलो नाही.

---

दप्तर | ३ ऑक्टोबर

पावत्या मासिक सभेत नाही आल्या तर माहिती अधिकारात अर्ज टाका. अर्ज खजिनदार यांच्या नावाने नको, दहा-बारा जणींनी वेगवेगळे द्या. एकटीवर रोख येत नाही.

---

सह्यपुरुष | ७ ऑक्टोबर

आज पेपरात वाचलं ते इथे सांगायलाच हवं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवलं होतं, सरकारी जागेवरच्या घरात राहतात या आरोपावरून. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बाई सरपंच झाली, ती आपल्या वतीने निर्णय घेणार आणि आपल्याला तिचं ऐकावं लागणार, हे गावकऱ्यांना पचलं नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय. अधिकाऱ्यांनी नीट शहानिशा न करता आदेश काढले, त्यावरही बोलले आहेत. बालाघाट, हा निकाल आईंना वाचून दाखव. त्रास देणारे लोक आता तांत्रिक कारणं शोधतील. घराची, शौचालयाची, कराच्या थकबाकीची सगळी कागदं आत्ताच नीट लावून ठेवा.

---

तटस्थ | ८ ऑक्टोबर

धागा पूर्ण वाचतोय. माझी बहीण २०१५ ते २०२० ग्रामपंचायत सदस्य होती. काल तिला फोन करून विचारलं की मासिक सभेला किती वेळा गेलीस. "दोनदा," म्हणाली. बाकी पाच वर्षं दाजी गेले. मी त्या काळात कितीतरी वेळा तिच्या घरी गेलो आणि एकदाही हे विचारलं नाही. पहिल्या प्रतिसादात "दोघांची आपसातली व्यवस्था" असं लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो.

---

बालाघाट_२२ | २४ नोव्हेंबर

मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत लिहिणं झालं नाही. काल विधानसभेचा निकाल लागला, २८८ मध्ये २१ महिला. गेल्या वेळी २४ होत्या. राज्याला महिला मुख्यमंत्री तर अजून एकदाही मिळालेली नाही. संसदेने महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ च्या सप्टेंबरात केली, पण ती जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेनंतर लागू होणार. आम्हाला त्या दिवसाची वाट बघत बसता येत नाही.

गावाकडचं सांगतो. ओळखपत्रासाठी अठ्ठावन्न बायांची नोंदणी झाली. हापशाजवळ दिवा लागला. वसतिगृह अजून सुरू नाही, त्यामुळे सातवी-आठवीच्या पाच मुली आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेल्या. हे आम्हाला थांबवता आलं नाही. पावत्या मिळाल्या, त्यातल्या दोन खऱ्या वाटत नाहीत. माय म्हणते, त्यावर पुढच्या मासिक सभेत ती स्वतः बोलणार आहे. त्या सहीच्या वेळी डोंगल कुणाकडे होतं, हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. घरात काय होईल ते सांगता येत नाही.

डोंगल मागच्या आठवड्यापासून बचत गटाच्या पेटीत आहे. अण्णांनी एका सकाळी खिशातून काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि रानात गेले. काही बोलले नाहीत. पेटीची किल्ली मायच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असते.

---

खजिनदार | १२ जानेवारी २०२५

पहिल्या सत्राची परीक्षा देऊन मी आईकडे फडावर आलेय, आईचा हात दुखावलाय म्हणून. इथे कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर, आमच्या गावच्या एकोणीस जणी आहेत. रेंज फक्त कारखान्याच्या रस्त्यावर मिळते, तिथून लिहितेय.

२६ तारखेच्या आधीच्या महिला सभेचा अजेंडा कागदाचा फोटो काढून पाठवू नका. इथे वाचायला कुणाला सवड नाही आणि अर्ध्या जणींना वाचता येत नाही. काकूंनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवावा. रात्री गाड्या भरून झाल्या की आम्ही शेकोटीपाशी बसतो, तेव्हा सगळ्या ऐकतील. आमचं म्हणणं मी एकेकीच्या आवाजात रेकॉर्ड करून परत पाठवते. दप्तर काका, असं आलेलं म्हणणं महिला सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घेता येईल का? मतदानात धरू नका, पण नोंद तरी झाली पाहिजे. नियमात बसत नसेल तर कुणाला अर्ज करायचा ते सांगा. आज रविवार, मी परत गुरुवारी रस्त्यावर येईन.